वीटभट्टीचा हिरवा नकाशा

सोमवार, ३ मार्च

मॅडम म्हणतात, माझा रिपोर्ट वाचला की त्यांना तहान लागते. "इंग्लिश मीडियमची आहेस, कळतं गं. पण हरकत घ्यायला येणारी माणसं आपल्या भाषेत भांडतात. रोज अर्धं पान लिहीत जा. काहीही लिही. कुणाला दाखवू नकोस, मला तर मुळीच नको."

म्हणून ही वही.

तर. नगररचना ऑफिसात सहायक म्हणून मला लागून पाच आठवडे झाले. सहा महिने ट्रायल, मग ठेवायचं की घालवायचं ते मॅडम ठरवणार. आज पहिलं खरं काम मिळालं! शहराच्या टोकाला जुनी वीटभट्टी आहे, वीस वर्षं बंद. चाळीस एकर. त्यातली अर्धी जागा छोट्या वर्कशॉपसाठी द्यायची आणि अर्धी निसर्गासाठी राखायची, असं वरून ठरलंय. कुठली अर्धी कशाला, ते मी सांगायचं. मी!!

एक गोष्ट मॅडमना लगेच सांगून टाकली. वर्कशॉपसाठी अर्ज केलेल्या साठ जणांत माझे बाबा आहेत.

"माहितीये," मॅडम म्हणाल्या. "प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटणार आहोत. तुला फक्त रंग भरायचेत. हिरवा आणि जांभळा. एवढं जमेल ना?"

जमेल काय, मी तर जिन्यातच नाचले.

बाबांना जागा मिळायलाच हवी. आमचं वर्कशॉप बिल्डिंगच्या तळमजल्यावर आहे, मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. दोन लेथ, एक ड्रिल, नऊ कामगार. वरच्या मजल्यावरच्या मावशींनी आवाजाची तक्रार केली आणि नोटीस आली: तीस एप्रिलच्या आत मशीन हलवा, नाहीतर सील. बाबा आणि मावशी दोन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. मावशी बाल्कनीत कपडे झटकायला लागल्या की बाबा लेथ जोरात चालवतात. आई म्हणते, दोघांचं वय मिळून सव्वाशे आहे आणि अक्कल मिळून सव्वा.

गुरुवार, ६ मार्च

साइट बघितली. बरोबर ऑफिसचा ड्राफ्ट्समन होता. त्याला सगळे मिलिमीटर म्हणतात, कारण चहा पितानासुद्धा तो कप टेबलाच्या कडेला समांतर ठेवतो. खरं तर ड्राफ्ट्समनने साइटवर यायची गरज नसते, पण तो म्हणाला, टेप धरायला कुणीतरी लागेलच. ते बरोबर आहे.

जागा म्हणजे सरळ दोन भाग. रस्त्याकडचा अर्धा भाग नुसता उघडा माळ, विटांचे तुकडे, खडी, मधे मधे ओंजळभर गवत. बघूनच घसा कोरडा पडतो. मागचा अर्धा मात्र हिरवागार! झाडंच झाडं, आणि माती काढून झालेला मोठा खड्डा, त्यात काठोकाठ हिरवी पानं आणि जांभळी फुलं. मी "वॉव" म्हणाले तर मिलिमीटरने पण "वॉव" म्हटलं. तो मात्र तिकडे बघत नव्हता, ऊन लागलं असेल.

हिरव्या भागात दोन तास बसून पक्ष्यांची यादी केली. एक कावळा. बहुतेक पक्ष्यांची वेळ नव्हती.

तिथे एक चौकीदारकाका आहेत, भट्टी बंद झाल्यापासून एकटेच. निघताना म्हणाले, "बाई, त्या उघड्यावरून जरा बघून चाला."

"बूट घातलेत काका, काच लागत नाही मला."

काका काहीतरी बोलणार होते, मग "बरं" म्हणाले.

मिलिमीटरकडे जेवणाचे दोन डबे होते. त्याची आई चुकून एक जास्त भरते म्हणे. वाया जाऊ नये म्हणून मी खाल्ला.

सोमवार, १० मार्च

नकाशा झाला. मागे हिरवा, पुढे जांभळा. इतका देखणा दिसतो की मी फोटो काढून आईला पाठवला. मीटिंगमध्ये मोठे साहेब म्हणाले, "निसर्गाचा निसर्ग वाचला आणि वर्कशॉपना रस्त्यावर जागा मिळाली. याला म्हणतात प्लॅनिंग." टाळ्या. मला बसल्या जागी दोन इंच उंच झाल्यासारखं वाटलं. मॅडमनी टाळ्या वाजवल्या नाहीत. नकाशाकडे बघत राहिल्या. मग विचारलं, "किती वेळा गेली होतीस?"

"एकदा. पण नीट बघितलं, दोन तास."

"हं," म्हणाल्या. मॅडमचं कौतुक असंच असतं.

बुधवार, १९ मार्च

सतरा नंबर! बाबांना सतरा नंबर लागला! एकदम रस्त्याला लागून, ट्रक पाठीमागे न घेता सरळ आत येईल असा. बाबा घरी आले ते दारातूनच ओरडत, "कॉर्नर! कॉर्नर!" आईला वाटलं फुटबॉल.

मग त्यांनी खोलीत खडूने प्लॉट काढला, अर्थात लहान करून. इथे मोठा लेथ, इथे ड्रिल, इथे तुझ्या आईसाठी खुर्ची. आई म्हणाली, "मी तिथे येऊन काय करू? पोस्टात मला खुर्ची आहे की." बाबा म्हणाले, "मालकिणीची खुर्ची वेगळी असते." आई लाजली! माझ्यासमोर!

सोमवार, २४ मार्च

आज लिहायला हात उठत नाही, पण सगळं लिहून ठेवते.

प्लॉटच्या कोपऱ्यात खुंट्या ठोकायला मी आणि मिलिमीटर माळावर गेलो. मीटिंगमधल्या टाळ्या अजून डोक्यात, मी पुढे, तो मागे हातोडी घेऊन. अचानक वरून काहीतरी आलं आणि त्याच्या डोक्याला घासून गेलं. टिटवी! टिटीटिव टिटीटिव करत परत आली, या वेळी जोडीदाराला घेऊन. मिलिमीटरने हातोडी टाकली, टेप टाकला आणि माझ्यासमोर हात पसरून उभा राहिला. त्याला पक्ष्यांची भीती नसावी.

"हलू नका!" चौकीदारकाका लांबून ओरडत आले. "पायाशी बघा. डाव्या बुटाशी."

मी बघितलं. विटांचे तुकडे, खडी. अजून बघितलं. आणि त्या तुकड्यांतले चार तुकडे गोल होते. चार अंडी. मातकट, काळे ठिपके, घरटं नाहीच, नुसता खळगा. माझा बूट वीतभर लांब.

"म्हणून म्हटलं होतं, बघून चाला," काका म्हणाले. "टिटवीला झाड लागत नाही बाई. उघडी जमीन लागते, चहूबाजूंनी दिसायला. इथे असं हे एकच नाही."

"किती आहेत?"

"मोजायला मी कुठे साहेब आहे? पण पाय ठेवताना मी विचार करतो, एवढं सांगतो."

हिरवा भाग मी राखला. आणि जे राखायचं होतं त्यावर जांभळा रंग मारून साठ जणांना वाटून टाकलं.

आज एकही खुंटी ठोकली नाही. ऑफिसात मिलिमीटर म्हणाला, खुंट्या कमी पडल्या. खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात.

मंगळवार, २५ मार्च

एक विचार आला होता. लिहायला लाज वाटते, पण ही वही कोण वाचणार! विचार असा: मी, मिलिमीटर आणि काका सोडून कुणालाच माहीत नाही. महिन्याभरात तिथे मशीन फिरेल आणि मग कळण्यासारखं काही उरणारच नाही. बाबांचा लेथ सतरा नंबरवर. मी पर्मनंट. सगळे खूश.

रात्री जेवण गेलं नाही. आईने कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

बुधवार, २६ मार्च

पहाटे काकांबरोबर दोरी धरून सगळा माळ मोजला, पट्ट्या पट्ट्या करून. मिलिमीटर नसता तर झालंच नसतं, एकही पट्टी वाकडी गेली नाही. टिटव्यांच्या एकतीस जोड्या. चंडोल किती ते मोजता आले नाहीत, ते अचानक पायाखालून उडतात आणि आपलाच जीव उडतो. शिवाय खडीतला एक गळ्यात काळी पट्टी घातलेला छोटासा पक्षी, ज्याची पिल्लं कापसाच्या बोळ्यांसारखी पळतात.

मग मुद्दाम हिरव्या भागात गेलो. झाडं म्हणजे विलायती बाभूळ, भट्टी बंद पडल्यावर आपोआप माजलेली. काटे एवढे की मिलिमीटरचा शर्ट तिथेच राहतोय की काय असं झालं. आणि माझा तो फुलांचा खड्डा म्हणजे जलपर्णी. खाली पाण्याचा जीव गुदमरलेला, वास असा की माशासुद्धा घाईत होत्या. हिरवं दिसलं की निसर्ग! शाळेत चित्राच्या तासाला शिकले तेच अजून करतेय.

काका म्हणाले, "साहेब लोक असेच येतात. हिरवं बघतात, फोटो काढतात, जातात. माळाचा फोटो कुणी काढत नाही."

मी माळाचे चाळीस फोटो काढले. एकातही काही दिसत नाही. टिटवीची हुशारी तीच आहे.

दोन डबे आजही होते. त्याच्या आईचं मोजमाप इतकं कसं चुकतं आणि मुलगा मिलिमीटर, कमाल आहे.

गुरुवार, २७ मार्च

घरी सांगितलं. जेवताना, एका दमात.

बाबा घास हातात धरून ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे कॉर्नर गेला."

"प्लॉट दुसरीकडे मिळतील बाबा. मागे. पण परत आखणी, परत चिठ्ठ्या. चार महिने उशीर होईल."

"आणि तीस एप्रिलला सील लागेल. नऊ घरं आहेत माझ्यामागे. पक्ष्यांना पंख आहेत, माझ्या माणसांना आहेत का?"

आई म्हणाली, "अहो, तिने काय मुद्दाम केलंय?"

"मुद्दाम नाही. उत्साहाने केलंय. ते जास्त महागात पडतं." बाबा उठले. दारात थांबून म्हणाले, "टिटवी समुद्र आटवते म्हणतात. पहिलं वर्कशॉपच आटवलंन तिने."

म्हणजे बाबा माझ्यावर चिडले आहेत. कायमचे.

शुक्रवार, २८ मार्च

मॅडमना सांगितलं. नोकरी गेली असं धरूनच गेले, ड्रॉवर पण रिकामा करून ठेवला होता.

"नकाशा चुकलाय मॅडम. मी चुकवलाय."

त्यांनी आमची मोजणी पानन् पान बघितली. "ही अक्षरं कुणाची? छापल्यासारखी?"

"ड्राफ्ट्समनची."

"त्याने दुसऱ्या झोनमधली बदली नाकारली परवा. प्रमोशन होतं. कारण विचारलं तर टिटव्या म्हणाला." मॅडम माझ्याकडे बघून का हसल्या कळलं नाही. पण असं निसर्गप्रेम पाहिजे!

मग चष्मा काढला. "माझ्या पहिल्या वर्षी मी एका ओढ्यावर शाळा बसवली होती. दरवर्षी तळमजल्यावर पाणी भरायचं. मला कुणी काही बोललं नाही, आणि मीही कुणाला काही बोलले नाही. अजून त्या रस्त्याने जात नाही मी." चष्मा परत घातला. "पुढच्या शुक्रवारी सुनावणी लावते. साठ मालक येतील. तू उभी राहायचं आणि सांगायचं. मी नाही सांगणार तुझ्या वतीने."

"आणि पर्याय विचारला तर?"

"तर पर्याय असायला हवा. वीस एकराऐवजी खड्डा सोडून चौदाच एकर उरतात तुला. साठ वर्कशॉप बसवून दाखव."

ड्रॉवर परत भरला.

रविवार, ३० मार्च

चौदा एकरात साठ बसत नाहीत. काल आणि आज दिवसभर मिलिमीटर आमच्याकडे नकाशा घेऊन बसला होता, त्रेपन्नच्या वर जातच नाही. नकाशाच्या रंगांच्या यादीत आणखी एक गोची. बागेला रंग आहे, मैदानाला आहे, रोपवाटिकेला आहे. पण टिटव्यांसाठी माळावर काहीच करायचं नाहीये. झाडं लावायची नाहीत, बाक ठेवायचे नाहीत. काही न करण्याला रंगच नाही! शेवटी मिलिमीटरने बारीक ठिपके दिले. एकतीस जोड्यांना एकतीस गडद ठिपके, मोजून.

बाबा आमच्याकडे ढुंकून बघत नाहीत. सकाळीच "कटिंगला जातो" म्हणून गेले ते दुपारी आले. पँटला काटे, बूट चिखलाने भरलेले, आणि वर्कशॉपमधली मोठी पहार खांद्यावर. आई म्हणाली, "न्हावी कुठे बसतो आता, शेतात?" केस तर होते तेवढेच. बाबा सरळ आंघोळीला गेले. मग नकाशावर वाकून उभे राहिले, केसांतून पाणी ठिपकत होतं. "प्रत्येक प्लॉटपुढे हा चौकोन कसला?"

"ट्रक उभा करायची जागा."

"साठ ट्रक? माझ्याकडे आठवड्यातून एक येतो." आणि गेले. किती तोडून बोलतात हल्ली.

शुक्रवार, ४ एप्रिल

सुनावणी! सगळं लिहिणार.

हॉल गच्च. मॅडम टेबलामागे, मी माइकपाशी. मी सांगितलं. हिरवा रंग चुकीच्या ठिकाणी भरला, चूक ऑफिसची नाही, माझी. मग जो काही गोंगाट झाला!

"पक्ष्यांसाठी आम्ही धंदे बंद करायचे?"

"आमचा नंबर लागला तेव्हा झोपली होती का टिटवी?"

"त्यांना म्हणावं अर्ज करा, लाइनीत उभे राहा!"

हसले सगळे. मी पण हसणार होते, तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून बाबा उठले. पांढरा शर्ट घालून आले होते, मी बघितलंच नव्हतं.

"सहायकबाई," बाबा म्हणाले. मला! "मी प्लॉट नंबर सतरा. माझा प्रश्न आहे. मागची जमीन लेथचं वजन पेलेल का? ऑफिसने तपासलं?"

"नाही. अजून नाही तपासलं."

"मी तपासलंय," बाबा वळून लोकांना म्हणाले. "रविवारी बारा ठिकाणी पहार मारली. खड्ड्यालगत तीन ठिकाणी दलदल आहे. बाकी नऊ ठिकाणी हातभर खाली खणखणीत. भट्टीचं जुनं आवार आहे ते, विटांचे ट्रक तिथेच भरायचे. माळापेक्षा पक्की जमीन आहे."

म्हणजे कटिंगला…!

"पण जागा कमी पडतेय," कुणीतरी ओरडलं.

"कारण प्रत्येकाच्या दारात ट्रकला जागा सोडलीय. आपल्याकडे रोज किती गाड्या येतात? हात वर करा, रोज ज्याच्याकडे येते त्याने." सात हात वर झाले. "सात! मग सगळ्यांचा मिळून एक यार्ड करा की. साठही बसतील."

मिलिमीटर माझ्या मागे कॅल्क्युलेटरवर तुटून पडला. मग कानात कुजबुजला, "बासष्ट."

"बासष्ट बसतात!" मी माइकवर किंचाळले, माइक पण किंचाळला.

सगळे एका सुरात हो म्हणाले असं नाही. अकरा जणांनी लेखी विरोध दिला, कॉर्नरवाले होते ते, त्यांचं चुकत पण नाही. उरलेल्या एकोणपन्नास जणांनी मान्य केलं. बाबांचा कॉर्नर गेला, त्यांच्याच तोंडाने. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बाबा, थँक यू." तर म्हणाले, "पक्ष्यांसाठी नाही केलं. चूक माझी, असं तू भर सभेत सांगितलंस, मग मी प्लॉट धरून बसलेलो बरा दिसतो का?"

मंगळवार, ८ एप्रिल

नवे प्लॉट ऑगस्टच्या शेवटी. नोटीस तीस एप्रिलची. मॅडमनी नियम दाखवला: मुदत वाढवता येते, पण तक्रार करणाऱ्याची लेखी संमती लागते.

म्हणजे वरच्या मावशींची.

आई म्हणाली, मी जाते. मी म्हटलं, मी जाते. बाबा म्हणाले, "तक्रार माझ्या आवाजाची आहे. मीच जातो." शर्ट बदलला. एकोणीस पायऱ्या चढायला त्यांना चार मिनिटं लागली. मी आणि आई खाली जिन्याशी कान लावून.

मावशी: "कोण मेलंय?"

बाबा: "कुणी नाही. चार महिने द्या मला. मग जातो इथून."

मावशी: "का? एप्रिलमध्ये जायचं होतं ना?"

मग बाबांनी सांगितलं. टिटवी, माळ, पहार, सगळं. मी ऐकत होते तर त्यांना सगळे आकडे पाठ! एकतीस जोड्या, चार चार अंडी, अठ्ठावीस दिवस. हे मी घरी कधी सांगितलं? हां, जेवताना बडबडते ते. ते ऐकत असतात होय?

मग मावशी म्हणाल्या, "दोन वर्षांत एकदा असा वर आला असतास, तर ही नोटीसच आली नसती. मला काय तुझ्या पोटावर पाय द्यायचाय? मला दुपारी झोपायचंय रे. दोन ते चार. बस."

"दोन ते चार बंद ठेवतो."

"लिहून दे."

"तुम्ही लिहून द्या आधी."

दोघांनी लिहून दिलं. सही माझ्या पेनने, मी पळत वर नेलं.

गुरुवार, १० एप्रिल

मुदतवाढ मिळाली, एकतीस ऑगस्टपर्यंत. शिक्क्यासकट.

आज पहिल्यांदा दुपारी दोनला बाबांनी मेन स्विच पाडला. इतकी शांतता झाली की नऊही जण एकमेकांकडे बघायला लागले. कुणाला काय करावं सुचेना. मी कागद द्यायला घरी आले होते. बाबा दोन मिनिटं हात पुसत बसले, मग म्हणाले, "चल. दाखव एकदा. जिच्यासाठी कॉर्नर सोडला तिचं तोंड तरी बघू."

माळावर गेलो तर मिलिमीटर तिथे आधीच छत्री घेऊन उभा. आज मी येणार हे त्याला कसं माहीत, विचारायचं राहिलं. मी बाबांना सांगितलं, आमच्या या ड्राफ्ट्समनला पक्ष्यांचं फार वेड. बाबांनी त्याच्याकडे बघितलं, नवा कामगार ठेवताना बघतात तसं, हातांकडे आधी. म्हणाले, "हो, दिसतंय." त्याचे कान लाल झाले. डबे तीन होते.

काकांनी लांबून अंडी दाखवली. बाबांना दिसेनात. "कुठे? अरे कुठे?" करत दोन पावलं पुढे गेले आणि टिटवी आली! सरळ बाबांच्या अंगावर. बाबा वाकले, ती परत आली. टोपी उडाली. आम्ही तिघं ओरडतोय, मागे या, मागे या, आणि बाबा दोन्ही हात डोक्यावर धरून, उलट्या पावलांनी येत, हसताहेत. मी त्यांना इतकं हसताना नोटीस आल्यापासून बघितलं नव्हतं.

"बघितलंस?" धाप लागलेल्या आवाजात म्हणाले. "ना अर्ज, ना चिठ्ठी. जागा अशी राखायची असते. मी उगाच खडूने रेघा मारत बसलो."

टोपी अंड्यांपासून हातभर पडली होती. मिलिमीटर आणायला निघाला तर बाबांनी त्याचा दंड धरला.

"राहू दे. महिनाभर तिची."